फॉरमॅट मारण्याआधी रॅम तपासा

संपादक महोदय,

शाळा-कॉलेजं सुरू झाली की रत्नागिरी-सिंधुदुर्गात नवे कॉम्प्युटर असेंबल करून घेण्याची घाई असते. सुटे भाग मुंबईहून किंवा ऑनलाइन येतात, जोडणी इथे होते. मग तक्रारी येतात: मशीन मध्येच हँग होतं, निळा स्क्रीन येतो, डाउनलोड केलेली झिप फाइल उघडताना सीआरसी एरर (फाइलमधला मजकूर बिघडल्याची सूचना) येते. त्यावर ठरलेलं उत्तर म्हणजे ‘लाइटचा प्रॉब्लेम’ किंवा ‘फॉरमॅट मारूया’. पावसाळ्यात लाइट जाते-येते हे खरंच आहे. पण नव्या मशीनला असं होत असेल तर आधी रॅम, म्हणजे चालू कामाची माहिती तात्पुरती ठेवणारी मेमरी, तपासायला हवी. खराब रॅमवर विंडोज टाकली की सेटअपच्या फाइली त्याच रॅममधून डिस्कवर जातात आणि त्यातल्या काही बिघडलेल्याच लिहिल्या जाऊ शकतात. पुढे रॅम बदलूनही त्रास थांबत नाही आणि संशय भलत्याच भागावर जातो.

दोष लपून राहण्याचं कारण साधं आहे. 8 जीबीच्या एका रॅममध्ये 6,800 कोटींहून जास्त बिट, म्हणजे माहितीचे सर्वांत छोटे कप्पे, असतात. त्यातला एखादा खराब असेल तर तो भाग वापरात येईपर्यंत काहीच जाणवत नाही. एखादं पत्र टाइप करताना मशीन ठणठणीत, आणि ब्राउझरमध्ये पंधरा टॅब उघडले की आडवं. दुकानात दहा मिनिटं चालवून ‘ओके आहे’ म्हणण्याला म्हणूनच अर्थ नाही.

तपासायला मेमटेस्ट86 हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर टाकून त्यावरून मशीन सुरू करावं. ते मोफत मिळतं. चार फेऱ्या पूर्ण होऊ द्याव्यात. 16 जीबीला काही तास लागतात, तेव्हा रात्री लावून ठेवणं बरं. मध्येच लाइट गेली तर चाचणी पहिल्यापासून करावी लागते, बाकी नुकसान नाही. एकही एरर चालत नाही. ‘एक-दोनच आहेत’ ही सबब ऐकू नये. विंडोजमधली मेमरी डायग्नॉस्टिक चालते, पण तिथे काही सापडलं नाही म्हणून रॅम निर्दोष ठरत नाही.

एरर आली तरी लगेच रॅमला दोष देऊ नये. मशीन बंद करून वायर काढावी, पॉवर बटण काही सेकंद दाबून उरलेला करंट जाऊ द्यावा, अंगातली स्थिर वीज निघून जावी म्हणून कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावावा आणि मगच रॅम काढावी. एकच रॅम, चार स्लॉटच्या मदरबोर्डवर साधारणपणे प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये, क्लिप ‘टक्’ वाजेपर्यंत दाबून बसवावी. काही बोर्डांना एकाच बाजूला क्लिप असते. तिथे दुसरं टोक अर्धवट राहतं आणि डिस्प्लेच येत नाही. चाचणी झाली की त्याच स्लॉटमध्ये दुसरी रॅम. मग चांगली ठरलेली रॅम चौथ्या स्लॉटमध्ये. दोष रॅमबरोबर फिरला तर रॅम खराब. दोन्ही रॅम एकाच स्लॉटमध्ये नापास झाल्या तर स्लॉट, प्रोसेसरच्या सॉकेटमधली वाकलेली पिन किंवा एका बाजूने जास्त आवळलेला कूलर पाहावा.

एक्सएमपी किंवा एक्सपो, म्हणजे रॅम मूळ वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणारा पर्याय, बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) चालू असेल तर तो बंद करून पुन्हा तपासावं. डीडीआर4 प्रकारच्या रॅमचं मूळ व्होल्टेज 1.2, एक्सएमपीमध्ये बहुधा 1.35. मूळ वेगावर रॅम पास आणि एक्सएमपीवर नापास, असं झालं तर वेग एक पायरी कमी करावा किंवा बायोस अपडेट करावा. अपडेट मात्र यूपीएसवरच. अर्ध्यात लाइट गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. वेगवेगळ्या पाकिटांतल्या दोन रॅम एकत्र लावल्यानेही असा त्रास होतो. डीडीआर5 असेल तर पहिल्यांदा सुरू करताना स्क्रीन काही मिनिटं काळा राहू शकतो. ते बिघडणं नव्हे, घाईने बंद करू नये.

रॅमचे पिन खोडरबराने घासायची आपल्याकडे सवय आहे. नव्या रॅमला तर ते नकोच. सोन्याचा मुलामा झिजतो आणि रबराचे कण स्लॉटमध्ये अडकतात. जुनी, दमट हवेत पडून राहिलेली रॅम असेल तर 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड पुरेसं आहे.

दुकानदारांनी रात्रभराची ही चाचणी करूनच मशीन ताब्यात द्यावं, आणि शाळा-ग्रामपंचायतींनी कोटेशन मागवतानाच ती अट घालावी. चाचणीचा अहवाल पेनड्राइव्हवर सेव्ह होतो, तो बिलाबरोबर मागून घ्यावा. ऑनलाइन घेतलेली रॅम असेल तर परत करण्याची मुदत संपायच्या आत चाचणी उरकावी. नापास झाली तर लाल एररच्या स्क्रीनचा आणि रॅमवरच्या सिरीयल नंबरचा फोटो काढावा, आणि जोडी म्हणून घेतलेल्या रॅम दोन्ही एकत्रच परत पाठवाव्यात. बदलून आलेल्या रॅमची चाचणी पास झाली की मगच विंडोज नव्याने टाकावी.

— एक वाचक, कुडाळ