रविवारच्या बैठकीला बांधकामाच्या साइटची वही घेऊन या

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या रविवारी सकाळी १० वाजता सांगलीत, नेहमीच्या जागी बैठक आहे. या वेळी भाषण नाही. प्रत्येकाने आपल्या कामावरची एक चूक आणि ती कशी निस्तरली, एवढंच सांगायचं.

काम संपलं की माणसं पांगतात आणि शिकलेलं त्यांच्याबरोबर जातं. माझ्या एका साइटवर काळ्या मातीत पाया उथळ राहिला. पावसाळ्यानंतर भिंतींना तिरक्या भेगा पडल्या. नंतर कळलं, आपल्यातल्याच दोघांनी हाच त्रास आधी भोगला होता. फार वाईट वाटलं.

मुरूम किती फुटांवर लागला, २०१९ आणि २०२१ च्या पुराचं पाणी कुठवर आलं होतं, क्यूबचे (काँक्रीटची मजबुती तपासायच्या ठोकळ्यांचे) ७ आणि २८ दिवसांचे रिपोर्ट, हे सगळं वहीत असू द्या. पीपीसी (पोर्टलँड पोझोलाना) सिमेंटला आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे किमान १० दिवस क्युरिंग, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवणं, हवं. प्रत्यक्षात किती दिवस पाणी मारलं, ते खरं लिहा. मालकाचं नाव नको.

मिस्त्रींना जरूर आणा, बारकावे त्यांनाच ठाऊक असतात. ज्यांना जमणार नाही त्यांनी शनिवारपर्यंत ग्रुपवर व्हॉइस मेसेज टाकावा.

आपला,
कार्यवाह