लॅपटॉप अजून अडकतोय, तिकीट परत उघडा

कस्टमर सपोर्टच्या प्रमुखांना,

आत्ताच तुमच्या माणसाशी बोलून फोन ठेवलाय, ठेवलाय म्हणजे त्यानेच ठेवला, आणि लगेच तुमचा मेसेज आला की आपली तक्रार 'रिझॉल्व्ड' झाली आहे, आमच्या सेवेला किती स्टार द्याल. म्हणून हे लिहायला बसलोय.

मॉडेल कुठलं, आत काय आहे हे मी लिहीत बसत नाही, सिरीयल नंबर तुमच्याकडे आहे आणि वस्तू तुम्हीच बनवलीय. त्रास काय आहे तेही तुम्हाला माहीत असणार असा माझा दाट संशय आहे, तरी सांगतो. दर दोन-तीन मिनिटांनी लॅपटॉप अर्धा सेकंद थिजतो. माउसचा बाण जागच्या जागी, टाईप केलेलं काही दिसत नाही आणि मग सगळी अक्षरं एकदम येऊन पडतात, आणि काही वाजत असेल तर स्पीकरमधून कर्रर्र. मग पुन्हा सगळं सुरळीत, जसं काही झालंच नाही. हँग होत नाही, आपोआप रिस्टार्ट होत नाही, निळा स्क्रीन येत नाही. त्या वेळी टास्क मॅनेजर बघा, सीपीयू निवांत, रॅम अर्धी रिकामी, एसएसडीला काही काम नाही, फॅनचा आवाजसुद्धा नाही. तेव्हा गरम होतोय हे कारण कृपया परत देऊ नका, ते तुमच्या प्रत्येक माणसाने देऊन झालंय.

मी तबला शिकवतो. निम्मे विद्यार्थी ऑनलाइन, आणि रियाजाला आणि रेकॉर्डिंगला लेहरा, म्हणजे तबल्याला साथ म्हणून सतत फिरणारी सुरावट, या लॅपटॉपवरच लावतो, त्यासाठीच घेतला होता, खोक्यावर तुम्ही 'क्रिएटर्ससाठी' असं छापलंय ते वाचून. आता हिशोब करा. 120 च्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची असते, तीनतालाचं 16 मात्रांचं आवर्तन आठ सेकंदात होतं. तुमचा लॅपटॉप अर्धा सेकंद थिजला की लेहरा एक मात्रा मागे पडतो. मी समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, येतो आणि लेहरा अजून सोळावीवर. विद्यार्थी समोर बसलेला, तो बिचारा समजतो सरांचंच चुकलं.

आता तुम्हाला वाटेल तबलेवाल्याला यातलं काय कळतं, तर तुमच्या सपोर्टच्या कृपेने बरंच कळायला लागलंय. त्यांनी सांगितलं ते सगळं केलं, विंडोज नव्याने टाकलं, ड्रायव्हर घातले, अँटिव्हायरस काढला, अपडेट मारले, काही फरक नाही. मग लेटन्सीमॉन नावाचं, प्रोसेसर कोणामुळे अडतो हे दाखवणारं फुकटचं टूल चालवलं. ते स्पष्ट दाखवतं की ज्या क्षणी लॅपटॉप थिजतो त्याच क्षणी एसीपीआय डॉट सिस हा, बॅटरी-पॉवरचा कारभार बघणारा विंडोजचा ड्रायव्हर प्रोसेसर अडवून बसलेला असतो, लाल पट्टी टोकापर्यंत. पेनड्राईव्हवरून उबुंटू, म्हणजे विंडोजऐवजीची दुसरी सिस्टीम, चालवून बघितलं, तिथेही बाण तसाच थबकतो. म्हणजे विंडोजचा दोष नाही, एसएसडीचाही नाही, ती तर तेव्हा वापरातच नव्हती. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये बॅटरीखालचं 'कंट्रोल मेथड बॅटरी' डिसेबल केलं आणि अडकणं गेलं. पूर्ण गेलं. परत इनेबल केलं की दोन-तीन मिनिटांत हजर.

याचा अर्थ तुमच्या इंजिनियरला मी सांगायला नको. विंडोज थोड्या थोड्या वेळाने बॅटरी किती उरली हे विचारतं, तो प्रश्न तुमच्या बायोसमधल्या, म्हणजे मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरमधल्या, कोडमधून मदरबोर्डवरच्या छोट्या कंट्रोलरकडे जातो, आणि उत्तर येईपर्यंत तुमचं कोड अख्ख्या मशीनला ताटकळत ठेवतं. विंडोज तुमचं नाही, प्रोसेसर तुमचा नाही, पण बायोस तर तुमचाच ना? मग दुरुस्ती तुमच्याशिवाय कोण करणार?

हेच सगळं मी आज तुमच्या माणसाला सांगितलं, सावकाश, न चिडता. मराठीसाठीचं बटण दाबल्यावर बराच वेळ हिंदीत जाहिरात ऐकवून मग लाइन जोडलीत, ते असो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, फॅन साफ केला का?" मी म्हटलं, फॅनचा संबंध नाही, आत्ताच सांगितलं. मग म्हणाला, "ओके सर, एकदा फॉरमॅट करून बघा." म्हटलं, केलंय, तुमच्याच सांगण्यावरून केलंय. होल्डवर टाकलं. परत आला आणि म्हणाला, "सर, अर्धा सेकंदच थांबतो ना? परत चालू होतो ना?" मी म्हटलं, हो. "मग सर काम तर होतंय." मी गप्प. माझा आवाज चढू नये म्हणून गप्प, तर त्याला वाटलं पटलं मला. पुढे म्हणतो, "आणि सर तुम्ही म्हणताय बॅटरीचं ते डिसेबल केल्यावर बंद झालं, तर मग ते डिसेबलच ठेवा ना सर, इश्यू रिझॉल्व झाला." मी विचारलं, अहो मग बॅटरी किती उरली ते मला कसं कळणार? टक्के दिसत नाहीत, संपत आल्याची सूचना येत नाही, क्लास चालू असताना लॅपटॉप थेट बंद पडतो. त्यावर त्याचं उत्तर, जसंच्या तसं देतो, "सर, चार्जर लावून ठेवा." आणि मग वर, "आणि सर, तुम्ही सिस्टीम सेटिंग बदललंय, ते वॉरंटीत इश्यू करू शकतं."

म्हणजे बघा, तेच सेटिंग एका वाक्यात तुमचा उपाय आणि पुढच्या वाक्यात माझा गुन्हा. मी सीनियरला द्या म्हटलं तर "सर, सीनियर पण हेच सांगतील." आणि फोन कट. आणि मग तो मेसेज. रिझॉल्व्ड!

त्या मुलावर माझा राग नाही, त्याच्यासमोर स्क्रीनवर जे लिहिलेलं असतं ते तो वाचतो. राग ते लिहिणाऱ्यांवर आहे. सर्व्हिस सेंटरची कथाही तीच, लॅपटॉप ठेवून घेतला, तुमची डायग्नोस्टिक टेस्ट चालवली, सगळं पास, जॉबशीटवर 'नो इश्यू फाउंड'. ती टेस्ट विंडोज सुरू व्हायच्या आधी चालते, तिथे बॅटरीला कोणी सारखं विचारतच नाही, मग दोष दिसणार कसा? मी म्हटलं गाणं लावून पाच मिनिटं नुसतं ऐका, तर ते त्यांच्या प्रोसिजरमध्ये नाही म्हणे. तिथला इंजिनियर निघताना हळूच म्हणाला की या मॉडेलचे असे अजून येतात, वरून बायोसचा अपडेट आला तर आम्ही टाकून देऊ. म्हणजे खाली माहीत आहे. वर कधी माहीत होणार?

असले दोष दुरुस्त होतात, फक्त आधी मान्य करावे लागतात. प्रोसेसर बनवणाऱ्या एएमडीने 2022 च्या मार्चमध्ये स्वतः जाहीर केलं होतं की त्यांच्या एफटीपीएम या सुरक्षेच्या सोयीमुळे काही मशिनी विंडोज 10 आणि 11 वर अधूनमधून अशाच अडखळतात, आणि त्यावर बायोस अपडेट दिले. आकाश कोसळलं नाही. तुम्हाला मात्र आधी फॅन साफ झालेला हवाय.

वाईट याचं वाटतं की आधीचा लॅपटॉप तुमचाच होता. अजून चालतो, मुलगी वापरते, एकदा कुरकुरला नाही. त्या भरवशावर हा घेतला, मेहुण्याला घ्यायला लावला, दोन विद्यार्थ्यांच्या पालकांनाही हेच नाव सुचवलं. आता कोणी विचारलं तर जे घडलं ते सांगणार, वाढवून सांगायची गरजच नाही.

मला हवंय ते एवढंच. तिकीट परत उघडा, त्यावरचं 'रिझॉल्व्ड' काढा, ते खोटं आहे. बायोसची दुरुस्ती कधी येणार हे ज्याला कळतं अशा माणसाकडून लेखी कळवा. दुरुस्ती येणार नसेल तर दुसऱ्या मॉडेलचा लॅपटॉप द्या नाहीतर पैसे परत करा. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करणार आणि तिथून जिल्हा ग्राहक आयोगात. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मी राहतो तिथेच दावा लावता येतो, पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, आणि ऑनलाइन भरता येतो. लॅपटॉप अर्धा सेकंद थांबत थांबत का होईना, तेवढा फॉर्म भरून होईल.

बिल, जॉबशीट, लेटन्सीमॉनचे स्क्रीनशॉट आणि लेहरा अडकतानाचा व्हिडिओ जोडलाय. व्हिडिओ आवाज चालू करून बघा. उत्तर मेलवरच द्या, संध्याकाळी पाच ते आठ फोन करू नका, क्लास असतो. आणि त्या मेलमध्ये फॅन हा शब्द नको.