चंद्रतालच्या वाटेवरील ताईंस, नागपूरहून

आदरणीय ताई,

वयाने तुम्ही माझ्या मुलीपेक्षा सात-आठ वर्षांनीच मोठ्या असाल आणि तुम्ही मला पहिल्या वाक्यापासून काका म्हणत होतात. तरीही या पत्रात मी तुम्हांला ताईच म्हणणार आहे, कारण दुसरे कोणतेही संबोधन लिहायला मन तयार होत नाही. नाव कुठे लिहू नका असे तुम्ही बजावले होते, ते पाळतो. पत्ता मात्र तुम्ही दिला नाहीत आणि त्या अवस्थेत मलाही विचारायचे सुचले नाही, म्हणून हे पत्र असे उघड्यावर लिहावे लागत आहे. नागपूरचीच आहात, तेव्हा कुणाच्या तरी हातून ते तुमच्यापर्यंत पोचेल.

आधी कबुली देतो की हिमाचलातल्या चंद्रताल तळ्याकाठी विरळ हवेने मी आजारी पडलो, त्यात चूक निम्मी माझीच होती. सेमिनरी हिल्सवर रोज पहाटे तासभर चालणाऱ्या माणसाला आपण धडधाकट असल्याचा जो एक गर्व असतो, तो मला पुरेपूर होता. विरळ हवा माणसाची तालीम विचारत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. आपले नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम 310 मीटरवर, मनाली सुमारे 2,050 मीटरवर आणि चंद्रताल सुमारे 4,250 मीटरवर आहे. आम्हांला नेणाऱ्या सहल कंपनीने मनालीहून थेट तळ्याजवळच्या तंबूंपर्यंतचा प्रवास एका दिवसात उरकला. छापील कार्यक्रमात वाटेतल्या छत्रू गावी मुक्काम होता. तो आयत्या वेळी गाळला गेला आणि कारण विचारल्यावर रस्ता मोकळा आहे तर वेळ का घालवायचा, असे उत्तर मिळाले. 2020 साली अटल बोगदा सुरू झाल्यापासून रोहतांग खिंडीचा चढ टळतो हे खरे, पण रस्ता सोपा झाला म्हणून शरीराची घाई वाढत नाही. 3,000 मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हा साधा नियम मला तुमच्याकडून, तोही गाडीत आडवे पडून ऐकायला मिळाला.

पहिल्या रात्री डोके ठणकत होते. दुसऱ्या दिवशी तळ्याची प्रदक्षिणा केली. मुलगी पाण्याचा रंग दर वळणावर बदलतो असे सांगत होती आणि मी मान हलवत फक्त पायांखालचे दगड पाहत होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी उलट्या झाल्या आणि तंबूबाहेर आलो तर पाय मी ठेवीन तिथे पडेनात. आमच्या म्होरक्याने "पहाडों में इतना तो होता है" एवढे म्हणून लसणाचे सूप पाठवले. प्राणवायूचा सिलिंडर मुलीने मागून पाहिला, तो रिकामा निघाला. सहप्रवाशांपैकी एकाने काकांनी रात्री जरा जास्तच घेतली वाटते असा विनोद केला आणि चार जण हसले. आयुष्यात थेंबालाही न शिवलेला मी, त्या हसण्यापुढे इतका ओशाळलो की त्यानंतर काही होत नसल्याचेच सोंग करू लागलो. मुलीने विचारले, "बाबा, बरं वाटून नाही राह्यलं का?" शेजारी नुकत्याच येऊन थांबलेल्या जीपमधून सामान उतरवणाऱ्या तुम्ही त्या "राह्यलं"वर वळून पाहिलेत आणि म्हणालात, "नागपूरचे का जी?"

पुढे जे झाले ते मी गेले तीन आठवडे रोज आठवतो आहे. तुम्ही माझी नाडी पाहिली नाहीत, की चार लोकांत काय होते आहे असे विचारले नाही. पिशवीतून एक बारीक दोर काढलात, जमिनीवर सरळ पसरलात, दोन्ही टोकांवर दगड ठेवलेत. तुमच्या बोटांना पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली होती आणि नखांच्या कडांना खडूसारखी भुकटी होती, हे मला अजून दिसते. मग तुम्ही म्हणालात, "आधी मी चालते, मग तुम्ही." एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या अंगठ्याला टेकवत तुम्ही स्वतः त्या दोरावरून चाललात आणि मधे एकदा चक्क लडबडलात. मोठमोठ्या शिळा नुसत्या बोटांच्या आधाराने चढणारी मुलगी सपाट जमिनीवर लडबडते, याचा अर्थ कळायला मला खाली उतरताना वाटेत लागणारे बातल गाठेपर्यंतचा वेळ लागला. त्या क्षणी एवढेच वाटले की हिचाही तोल जातो, तर माझा गेला म्हणून कोण हसणार? मी तिसऱ्या पावलाला कोसळलो. तुम्ही मला धरलेत आणि मुलीकडे वळून, अगदी हळू आवाजात, मेंदूला सूज येत असावी, आत्ताच्या आत्ता खाली न्यायचे, असे सांगितलेत.

खाली कसे नेले, कोणाशी काय बोललात, गोळ्या कोणत्या दिल्या गेल्या, हे सांगत बसत नाही. चढाई करताना खाली अंथरायची तुमची जाड गादी जीपच्या मागच्या भागात टाकून तिच्यावर मला निजवले होते, एवढे आठवते. युधिष्ठिराला नेण्यासाठी इंद्राचा रथ चंद्रतालच्या काठी उतरला अशी तिकडची समजूत आहे. मीही त्याच मार्गाला लागलो होतो, माझा रथ मात्र तुम्ही उलट्या दिशेने हाकलात. मला जागे ठेवण्यासाठी तुम्ही सारखे बोलत होतात. बातलच्या पुलाखालची चंद्रा पुढे तांदीला भागा नदीस मिळून चंद्रभागा होते, असे तुम्ही सांगितलेत आणि मी मोठ्याने विठ्ठल विठ्ठल म्हणू लागलो. माझी शुद्ध हरपली असे वाटून मुलगी रडू लागली. मला खरोखरच पंढरपूर आठवले होते, हे तिला आता पटले आहे. छत्रूला पोचेपर्यंत डोकेदुखी इतकी उतरली की मी चहा मागितला.

त्या चहाच्या वेळी मी तुम्हांला लडबडण्याबद्दल विचारले, तेव्हा तुम्ही हसून विषय बदललात आणि दोराच्या गाठीविषयी बोलू लागलात. प्रस्तरारोहणात वर चढणारा कितीही जुना जाणता असो, जमीन सोडण्यापूर्वी त्याच्या कमरेची आठाची गाठ खालचा जोडीदार तपासतो आणि जोडीदाराच्या कमरपट्ट्याचे बकल तो तपासतो. दोघांनी एकमेकांना पाहायचे, त्यात कुणाचा अपमान नसतो, असे तुम्ही म्हणालात. बँकेच्या नोकरीत तीस वर्षे मी दुसऱ्यांच्या आकड्यांची तपासणी केली, पण समोरच्याला खाली न पाहायला लावता तपासता येते, हे मला तिथे कुणी दाखवले नव्हते. आपल्याकडे मे महिन्यात भर रस्त्यात कुणी मटकन बसला तर पानठेल्यावरचा माणूस धावतो, कुणी कांदा फोडतो, कुणी पन्हे आणतो. ऊन लागलेल्या माणसाला दारुडा म्हणून हसणारा नागपूरकर मी तरी पाहिलेला नाही. तीच माणसे चार हजार मीटरवर हसली, कारण उन्हाचे दुखणे त्यांना कळते आणि उंचीचे कळत नाही, अशी मी माझी समजूत घातली आहे. म्होरक्याला मात्र ही सवलत देता येत नाही. कळण्याचेच पैसे त्याने घेतले होते.

आणखी एक गोष्ट तुमच्या मित्राकडून नंतर समजली. छत्रूच्या शिळांवरची चढाई एक दिवस थांबवून तुम्ही केवळ तळे पाहण्यासाठी वर आला होतात, आणि तंबूंपासून तळे पुढे असल्यामुळे ते न पाहताच माझ्याबरोबर खाली उतरलात. याची भरपाई कशी करावी ते मला सुचत नाही. मुलीने काढलेली छायाचित्रे आहेत, पण ती पाठवणे म्हणजे जखमेवर मीठ होईल, असे तिचेच म्हणणे आहे.

तुमचा तो दोर आमच्याकडे राहिला आहे. निळ्यावर पांढरे ठिपके असलेला, सहा मिलिमीटर जाडीचा; घाईत मुलीने त्याने आमची पिशवी बांधली होती. असा दोर साबणाने धुवावा की नाही हे ठाऊक नसल्यामुळे धुतलेला नाही, तिथली माती त्याला तशीच आहे. एका टोकाला तुम्ही मारलेली गाठही आम्ही सोडलेली नाही. नागपुरात परतलात की कळवावे, मी स्वतः आणून देईन. सोबत संत्र्याची बर्फी असेल, तिला नाही म्हणू नये.

आपला ऋणी,
दोरावर तिसऱ्या पावलाला पडलेला काका
धरमपेठ, नागपूर