केसपेपरवर एक रकाना वाढवा

माननीय आरोग्यमंत्री,
सविनय नमस्कार.

सुजलेला, लालसर, हाताला गरम लागणारा पाय घेऊन एखादा मधुमेही रुग्ण स्वतः चालत ओपीडीत येतो आणि म्हणतो, "डॉक्टर, दुखत काहीच नाही, नुसती सूज आहे," तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. त्याच्या पावलात बहुधा हाडं मोडलेली असतात आणि तो त्यांच्यावरच चालत असतो.

नसा बधिर झालेल्या माणसाचे सांधे असे ढासळतात, हे फ्रेंच डॉक्टर शार्को यांनी १८६८ मध्येच नोंदवलं. दुखत नाही म्हणून रुग्ण पायावर भार टाकतो, असं आम्ही वर्षानुवर्षं सांगत आलो. ते खरं आहे, पण अर्धंच. मोडलेलं हाड जोडायलाही नसा लागतात.

हाडावरच्या पातळ आवरणात संवेदी नसांचं दाट जाळं असतं. हाड मोडलं की तिथल्या पेशी नर्व्ह ग्रोथ फॅक्टर हे नसा वाढवणारं प्रथिन सोडतात आणि काही दिवसांतच नसांचे नवे तंतू फुटून मोडलेल्या जागी शिरतात. त्यांच्या टोकांतून सीजीआरपी नावाचं रसायन पाझरतं. त्यानं रक्तवाहिन्या रुंदावतात, हाड घडवणाऱ्या पेशी कामाला लागतात. प्रयोगातल्या उंदरांमध्ये हा संदेश अडवला, तर जोडावर रक्तवाहिन्या कमी आल्या आणि कॅलस, म्हणजे जोडावर धरणारी नवी गाठ, कडक व्हायला उशीर लागला. सांधेदुखीसाठी हाच नर्व्ह ग्रोथ फॅक्टर अडवणारी इंजेक्शनं निघाली, तेव्हा काही रुग्णांचे सांधे झपाट्यानं खराब झाले; २०१० मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकानं त्या चाचण्या थांबवल्या. (नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या बंद करा, असं मी अजिबात म्हणत नाही. दुखणं शमवणं वेगळं, नसच निकामी असणं वेगळं.)

आणि तरीही फ्रॅक्चरच्या केसपेपरवर संवेदनेची नोंद अनेकदा नसते. तपासणी साधी आहे. रुग्णाला डोळे मिटायला सांगायचं, दहा ग्रॅमचा नायलॉनचा धागा तळव्यावर टेकवून किंचित वाकेपर्यंत दाबायचा. तो "लागलं" म्हणतो की गप्प राहतो, एवढंच पाहायचं. दोन-तीन मिनिटांचं काम.

जो गप्प राहतो, त्याचं प्लास्टर नेहमीच्या हिशोबानं काढू नये. त्याला वारंवार बोलवावं, दोन्ही पावलांचं तापमान ताडून पाहावं, पहिला एक्स-रे स्वच्छ आला म्हणून घरी पाठवू नये.

म्हणून विनंती: प्रत्येक सरकारी रुग्णालयात फ्रॅक्चरच्या केसपेपरवर "संवेदना: आहे / नाही" हा रकाना सक्तीचा करा, आणि प्लास्टरच्या खोलीत हा धागा ठेवायला सांगा.

आपला,
एक अस्थिरोगतज्ज्ञ