सिमियन: बाकांची कुलपं आणि उपदेशाचे सांगाडे

प्रिय मित्रा,
सप्रेम सलाम.

इंग्लंडच्या चार्ल्स सिमियन या पाळकावर मंडळीत बोलणार आहेस, तर सनावळीने सुरुवात करू नकोस. बाकांच्या कुलपांपासून कर.

१७८२ साली, २३व्या वर्षी, केंब्रिजच्या होली ट्रिनिटी चर्चवर पाळक म्हणून त्याची नेमणूक झाली. लोकांना दुसराच माणूस हवा होता, पण नेमणूक बिशपच्या हातात. लोकांच्या हातात होती ती बाकं. तेव्हा बाकांना दारं असत आणि ती घराण्यांच्या ताब्यात. त्यांनी दारांना कुलपं ठोकली आणि घरी बसले. जे आले ते मधल्या वाटेत उभे राहिले. सिमियनने पदरच्या पैशाने बाकडी आणून मांडली, तर चर्चवॉर्डननी, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्यांनी, ती आवारात फेकून दिली. रविवार दुपारच्या उपदेशासाठी माणूस निवडणं मंडळीकडे होतं. तेही त्यांनी बारा वर्षं दुसऱ्यांनाच दिलं. हा मात्र तिथेच राहिला, १८३६ मध्ये मरेपर्यंत, ५४ वर्षं!

त्याचं खरं काम मला उपदेशाच्या बांधणीत दिसतं. पदवी घेऊन दीक्षा मिळायची, उपदेश कसा करावा हे विद्यापीठात कोणी शिकवत नसे. सिमियन तरुणांना शिकवू लागला. बायबलचा उतारा इतका वाचायचा की त्याचा गाभा एका सरळ वाक्यात सांगता यावा. मग त्या वाक्याचे भाग पाडायचे, तेही उताऱ्यातूनच. शेवटी तीन कसोट्या: पापी माणूस नम्र होतो का, तारणारा उंचावतो का, पावित्र्य वाढतं का? बिघडतं कुठे, तर मुद्दा आधी ठरवून वचन त्याला चिकटवलं की. वचनात आहे ते बाहेर काढायचं, आपल्या मनातलं आत कोंबायचं नाही, हा त्याचा हट्ट. तारण देवाच्या निवडीवर की माणसाच्या इच्छेवर, यावरून कॅल्व्हिनचे अनुयायी आणि आर्मिनियसचे अनुयायी भांडत, तेव्हाही तो उताऱ्याच्याच बाजूने उभा राही.

अशी २,५३६ टाचणं २१ खंडांत आहेत. त्यांना 'सांगाडे' हे नाव त्याचंच. सलग वाचायला घेऊ नकोस, हाडं टोचतात. तुझ्या उताऱ्यापुरतं एक उघड, मांस तुझं तू चढव.

शुक्रवारी किंग्ज कॉलेजातल्या त्याच्या खोल्यांत विद्यार्थी चहाला जमत. कोणीही काहीही विचारावं, त्याने उत्तर द्यावं. त्या चहाचा काळा टीपॉट अजून जपून ठेवलाय.

पैशाची बाजू गाळू नकोस. चर्चवर पाळक नेमण्याचा हक्क इंग्लंडात विकत मिळे. चांगला पाळक गेला आणि मागून भलताच आला, की वर्षांची मेहनत मातीत. म्हणून त्याने वारशाचे नि वर्गणीचे पैसे घालून चेल्टनहॅमसारख्या ठिकाणचे हक्क घेतले आणि विश्वस्तांच्या हाती दिले. अट कडक होती: उमेदवार गरीब आहे, लेकुरवाळा आहे, मोठ्यांच्या ओळखीचा आहे, यातलं काही पाहायचं नाही, फक्त तिथल्या लोकांचं हित बघायचं.

हिंदुस्थानचा धागाही त्याच खोल्यांतून निघतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या चॅप्लेनपदांसाठी, म्हणजे कंपनीने नेमलेल्या पाळकांच्या जागांसाठी, त्याने आपली माणसं पुढे केली. त्यातला हेन्री मार्टिन त्याचा सहायक पाळक. १८०६ मध्ये तो कलकत्त्याला उतरला, नव्या कराराचं उर्दू भाषांतर केलं, फारसीचंही हातावेगळं केलं आणि १८१२ मध्ये तुर्कस्तानातल्या तोकात इथे वारला. त्याचं चित्र सिमियनच्या शेकोटीवर टांगलेलं असे.

१७९९ च्या चर्च मिशनरी सोसायटीच्या स्थापनेतही सिमियन होता. तिच्याच लोकांनी १८५४ मध्ये नाशिकला शरणपूर ही ख्रिस्ती वस्ती वसवली. शरणपूर रोडवरून रोज जाणारे तुझ्यासमोर बसलेले असतील, हे त्यांना जरूर सांग.

तुझाच