पानांच्या अर्कांवरील प्रयोगांविषयी संशोधन मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

औषधी वनस्पतींच्या पानांचा अर्क प्राण्यांना देऊन त्यांच्या रक्तातील साखर, कोलेस्टेरॉल, मूत्रपिंडांचे काम दाखवणारे क्रिएटिनिन आणि यकृताची विकरे यांत काय फरक पडतो हे पाहणाऱ्या प्रयोगांना सरकारी अनुदान मिळालेच पाहिजे, असे मानणाऱ्यांपैकी मी आहे. मधुमेहावरील मेटफॉर्मिनचे मूळ गॅलेगा ऑफिसिनॅलिस या वनस्पतीतील गॅलेजिनपर्यंत जाते. आणि तीच वनस्पती चरण्यात आली तर मेंढ्यांना विषबाधा होते. उपकार आणि अपाय इतके जवळ नांदत असताना त्यांची मोजणी सैलपणे होऊ नये, एवढ्यासाठी हे पत्र.

अशा अनेक प्रयोगांत ॲलॉक्सन किंवा स्ट्रेप्टोझोटोसिन टोचून उंदरांच्या स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी नष्ट करतात आणि मग अर्क देऊन साखर मोजतात. परंतु रक्त काढताना उंदीर घाबरला तरी साखर वाढते, भुलीसाठी झायलाझिन वापरले तर इन्सुलिन स्रवणे मंदावून ती आणखी चढते, आणि नमुना घाईने हाताळल्यामुळे तांबड्या पेशी फुटल्या तर पोटॅशियम व एएसटी (यकृताच्या तपासणीत मोजले जाणारे एक विकर) यांचे आकडे यकृताचा काहीही दोष नसताना फुगतात. पेशी फुटून असे गुलाबी झालेले सीरम (रक्त गोठल्यावर वर राहणारा द्रव) मी कितीदा तरी बाजूला ठेवले आहे. कोणता नमुना टाकायचा हे ठरवताना तो कोणत्या गटातला आहे हे ठाऊक असले, की मन नकळत अर्काच्या बाजूने झुकते. हा मोह मी जवळून ओळखतो.

मात्रेचा प्रश्न तर अहवालांत सहसा उलगडलेलाच नसतो. रॅटला किलोमागे ४०० मिलिग्रॅम अर्क दिला असेल, तर शरीराच्या पृष्ठफळानुसार ६.२ ने भागून ६० किलोच्या माणसाची मात्रा दिवसाला सुमारे ३.९ ग्रॅम येते. पानांतून दहा टक्के अर्क निघतो असे धरले, तर त्यासाठी जवळजवळ ३९ ग्रॅम सुकी पाने लागतील. हे गणित न मांडता ‘साखर कमी झाली’ एवढेच छापले, की एखादा रुग्ण चार पाने चघळून चालू औषध बंद करतो.

म्हणून अनुदानाच्या अटींतच पुढील गोष्टी घालाव्यात, अशी विनंती आहे. वनस्पतीची ओळख तज्ज्ञाकडून पटवून तिचा नमुना हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) जपावा आणि अर्काचा द्रावक व मुख्य घटकांचे प्रमाण नोंदवावे, कारण ऋतू बदलला की त्याच झाडाच्या पानांतील द्रव्येही बदलतात. प्राण्यांची गटवारी चिठ्ठ्या टाकून करावी आणि मोजणाऱ्याला गट कळू देऊ नये. प्राण्यांवरील प्रयोगांचे अहवाल कसे लिहावेत हे सांगणारी ‘अराइव्ह’ मार्गदर्शक तत्त्वे २०१० पासून अशाच नोंदींचा आग्रह धरत आली आहेत; उणीव आहे ती सक्तीची. अर्काचा काहीच परिणाम दिसला नाही, तरी तो निकाल प्रसिद्ध करणे बंधनकारक असावे, नाहीतर तेच पान दुसऱ्या प्रयोगशाळेत पुन्हा तपासले जाते आणि तेवढेच उंदीर पुन्हा मारले जातात.

कळावे.

आपला नम्र,
प्राण्यांच्या रक्तनमुन्यांवर काम करणारा एक संशोधक