एक कारंजं भिजण्यासाठीही असू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. आमच्या भागातल्या एका उद्यानातलं कारंजं कुणी मोठे पाहुणे येणार म्हणून सुरू केलं होतं. संध्याकाळचे साडेसहा वाजले होते, तरी सिमेंटच्या बाकड्यावर टेकवत नव्हतं. बाजूच्या वस्तीतली पाच-सहा पोरं सदरे काढून हौदाच्या कठड्यावर चढली, तोच चौकीदाराने शिट्टी फुंकली. पोरं पांगली. मग त्याने स्वतःचा दुपट्टा त्याच हौदात बुचकळला, पिळला आणि डोक्याला गुंडाळला. मी हटकलं, तर म्हणाला, "काकाजी, हे पानी दहा दिवसापासून तेच आहे. पोट्ट्यायच्या तोंडात गेलं तं आजारी पडतीन ना!"

त्याचं बरोबर होतं. माझी सगळी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली. हौदाचा तळ शेवाळाने हिरवा झालेला मलाही दिसत होता. शोभेचं कारंजं लांबूनच बघायचं असतं. पण ज्या नागपुरात पारा ४५ च्या पुढे जातो, तिथे पोरांना फुकट भिजता येईल असं एकही कारंजं माझ्या पाहण्यात नाही.

अशा कारंज्याला बाहेर स्प्लॅश पॅड म्हणतात. त्याला हौद नसतो. सपाट, न घसरणारी जमीन असते, तिच्यातून पाण्याच्या चिळकांड्या उडतात. खाली पडलेलं पाणी जाळीतून जमिनीखालच्या टाकीत उतरतं आणि गाळून, क्लोरीन देऊन, अतिनील दिव्यासमोरून पुन्हा वर येतं. बऱ्याच ठिकाणी बटण दाबलं की काही मिनिटं चालतं आणि आपोआप बंद होतं. पाणी घोट्याइतकंही साचत नाही, त्यामुळे बुडण्याची धास्ती नाही आणि पोहता येण्याचीही गरज नाही. दर उन्हाळ्यात खदानीत, कालव्यात पोरं बुडाल्याच्या बातम्या आपण तुमच्याच पेपरात वाचतो. ती पोरं पोहायला म्हणून कमीच जातात, जिवाची काहिली होते म्हणून जातात.

मी हे प्रथम पाहिलं सिंगापूरला, लेकीकडे गेलो होतो तेव्हा. तिथल्या 'गार्डन्स बाय द बे'मध्ये २०१४ साली मुलांची बाग उघडली. प्रवेश फुकट. एका बिल्डर कंपनीच्या देणगीतून ती उभी राहिली. (आपल्याकडे देणगीदाराचं नाव कोरलेलं बाकडं मिळतं, तेही उन्हात.) मूल जवळ गेलं की त्याची चाहूल घेऊन पाणी उडतं. माझी नात तासभर त्या चिळकांड्यांशी लपाछपी खेळली. अगदी लहानग्यांना वेगळी जागा होती. सगळ्यात जास्त मला काय आवडलं असेल तर तिथे बंगल्यात राहणारी कोण आणि त्यांच्याकडे काम करणाऱ्या बाईची कोण, हे ओल्या पोरांकडे बघून ओळखू येत नव्हतं. आपल्याकडे ते तिकिटाच्या खिडकीवरच ठरतं. चौघांनी वॉटर पार्कला जायचं तर जाण्यायेण्यासकट एखाद्या मजुराची आठवड्याची कमाई उडते.

आता लगेच कुणीतरी म्हणेल, उन्हाळ्यात नळाला पाणी नाही आणि या म्हाताऱ्याला कारंजी सुचतात! प्रश्न रास्त आहे. पण सिंगापूर पाण्याने श्रीमंत नाही. १९६२ च्या करारान्वये ते शेजारच्या मलेशियातल्या जोहोरहून पाणी घेतं आणि तो करार २०६१ पर्यंत आहे. २००३ पासून ते सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरतं. थेंबाथेंबाचा हिशेब ठेवणारं शहर अशी कारंजी चालवतं, कारण कारंज्यात तेच पाणी फिरत राहतं. एकदा टाकी भरली की रोज उडेल आणि वाळेल तेवढीच भर घालायची. माझ्या घरचा कूलर मे महिन्यात दिवसाला दोनदा टाकी रिकामी करतो. वस्तीतल्या शंभर पोरांच्या वाट्याला शंभर कूलरइतकं पाणी आलं, तरी मी ते उधळपट्टी म्हणणार नाही.

आणि खरं तर हे सिंगापूरपेक्षा नागपूरलाच जास्त शोभतं. तिथल्या दमट हवेत ओलं अंग वाळता वाळत नाही. आपल्याकडे मे महिन्यात हवा इतकी कोरडी की ओल्या अंगाला वारा लागला की हुडहुडी भरावी. वाळ्याच्या ताटीचं, कूलरचं आणि त्या चौकीदाराच्या दुपट्ट्याचं शास्त्र एकच आहे. टिनाखाली राहणाऱ्या पोराला संध्याकाळी तासभर भिजायला मिळालं, तर रात्री निदान झोप तरी लागेल.

एका गोष्टीत मात्र मी चौकीदाराच्याच बाजूचा. अमेरिकेत डॅलसजवळच्या आर्लिंग्टन शहरात २०२१ मध्ये सार्वजनिक स्प्लॅश पॅडवर खेळलेलं एक मूल मेंदूच्या दुर्मिळ संसर्गाने दगावलं. पाण्याच्या तपासणीत हयगय झाल्याचं पुढे उघड झालं. तिथे हे होतं, तर आपल्याकडे काय होईल? ओटी टेस्ट (पाण्यातलं क्लोरीन तपासायची चाचणी) न करताच रजिस्टरमध्ये 'क्लोरीन ठीक' लिहिणारे हात मी जवळून पाहिले आहेत. म्हणून माझं म्हणणं आहे की क्लोरीनचा आकडा दर दोन तासांनी फाटकावरच्या फळ्यावर खडूने लिहावा, पालकांना वाचता येईल असा. आकडा नसेल त्या दिवशी पाणी बंद. आपल्या भांडेवाडीच्या प्रकल्पात शुद्ध केलेलं सांडपाणी वीज केंद्रांना दिलं जातं, याचा मला अभिमान आहे, पण ते कुणी इथे वापरायला निघालं तर मीच पहिला आडवा येईन. इथे पिण्याच्या दर्जाचंच पाणी हवं. ज्यांनी पूर्वी हलगर्जीपणा केला, त्यांच्याच हाती देखभाल दिली तर त्यापेक्षा न बांधलेलं बरं.

मनपाने उन्हाळ्यात सिग्नलवर सावलीसाठी हिरव्या जाळ्या लावल्या, ते चांगलंच केलं. त्याच पैशाच्या ओघात एक, फक्त एक स्प्लॅश पॅड करून बघावं. जागा मात्र सिव्हिल लाइन्ससारख्या साहेबी भागात नको. जिथून पोरं अनवाणी चालत येऊ शकतील अशा वस्तीला लागून हवी. बाजूला संडास, कपडे बदलायला आडोसा आणि आयांना बसायला सावली एवढं असावं. संध्याकाळी पाच ते रात्री साडेआठ पुरे. आणि निविदा दिवाळीच्या आत निघावी. मार्चमध्ये काढली तर नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) कोरडाच जाईल आणि पाणी सुरू होईल ते पावसाळ्यात.

आपला,
एक निवृत्त आजोबा
मानेवाडा, नागपूर